वॉकिंग फूट: घरच्या मशीनवर गोधडी शिवणाऱ्यांनी नवीन मशीनच्या आधी हा घ्यावा

गेले आठ महिने वापरतेय म्हणून आता लिहायला हरकत नाही. मी घरी फॉल-पिको, ब्लाऊज वगैरे शिवते, गोधड्या मात्र हौसेच्या. मशीन सासूबाईंची जुनी काळी, वीसेक वर्षांपूर्वी मोटर बसवलेली, फक्त सरळ टीप मारते, झिगझॅग नाही काही नाही. तिच्यावर मी तुकडे जोडून दोन दुपटी शिवली आणि दोन्हींची पाठ बघवत नव्हती, वरून सगळं छान दिसतंय आणि उलटं केलं की खालच्या अस्तराला जागोजागी चुण्या. मला वाटलं मशीनच गेली. दुकानात विचारायला गेले तर त्यांनी थेट तीस हजाराच्या पुढचं क्विल्टिंगचं मशीन दाखवलं. घेतलं नाही, पण जवळपास घेणार होते, आणि तेव्हा भाचीनं सांगितलं की मावशी आधी वॉकिंग फूट लावून बघ.

हा म्हणजे नेहमीच्या फूटच्या (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) जागी लावायचा एक जाडजूड फूट, ज्याला स्वतःचे दाते असतात. साध्या मशीनला दाते फक्त खाली असतात ना, ते खालचं कापड ओढून मागे नेतात, वरचं कापड मात्र फूटखाली घासत राहतं आणि रेंगाळतं. दोन पदरी ब्लाऊजला ते कळत नाही. गोधडीत वर जोडलेले तुकडे, मधे भरण, खाली अस्तर असे तीन थर आले की प्रत्येक टीपेला वरचा थर थोडा थोडा पुढे, आपल्या बाजूला ढकलला जातो आणि बेचाळीस इंचाच्या शेवटाला तो सगळा फरक एकदम चुणी म्हणून उभा राहतो. वॉकिंग फूटला बाजूला एक दुबेळक्यासारखा दांडा असतो, तो सुईच्या स्क्रूवर अडकवायचा, सुई वर-खाली झाली की तो दांडा पण वर-खाली होतो आणि वरचे दाते कापड धरून खालच्या दात्यांच्या जोडीनं मागे सरकतात. बस इतकंच आहे ते, वीज नाही बटन नाही, पण फरक पहिल्या ओळीपासून दिसतो.

मी ऑनलाईन घेतला, सातशेच्या आसपास पडला, ब्रँडचा नाही. पहिला आला तो बसेचना. दोष मापाचा होता आणि हे कुणीच आधी सांगत नाही म्हणून नीट लिहिते. फूट जिथे स्क्रूने बसतो त्या दांडीला शँक म्हणतात, ती लो असते किंवा हाय असते. फूट खाली सोडायचा आणि मशीनच्या पाटापासून त्या स्क्रूच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजायचं, अर्धा-पाऊण इंच भरलं तर लो शँक, एक इंच किंवा जास्त भरलं तर हाय. घरगुती मशीन बहुतेक लो असतात, माझी पण लो, आणि विकणाऱ्यानं पाठवला होता हायचा. परत केला, दुसरा यायला अकरा दिवस गेले. सोबतचा कागद असा की चित्रंसुद्धा नीट दिसत नाहीत, दांडा स्क्रूच्या वर अडकवायचा की खाली ते मला भाचीशी व्हिडिओ कॉल करून कळलं. (वर. दुबेळक्यात स्क्रू आला पाहिजे, नाहीतर वरचे दाते हलतच नाहीत आणि मग नुसताच जड फूट लावल्यासारखं होतं.)

आणि स्क्रू हातानं पिळून चालत नाही, स्क्रूड्रायव्हरनंच कसायचा. फूट जड आहे, थरथर होते, अर्ध्या तासात सैल होतो आणि सैल झाला की सुई त्याच्यावर आदळते. मी दोन सुया घालवल्यात. आता प्रत्येक बॉबीन बदलताना एकदा स्क्रू बघायचा अशी सवयच लावून घेतलीय.

पहिली कसोटी म्हणून भाचीच्या बाळाचं दुपटं घेतलं. 36 बाय 42 इंच, 6 इंचाचे चौकोन, 6 आडवे 7 उभे म्हणजे 42 तुकडे, जुन्या कॉटनच्या साड्यांचे. आता तुकडे जोडण्यात या फूटचा काही संबंध नाही, ते साध्या फूटनंच करायचं, पण जोडणी चुकली तर पुढचं कुठलंही फूट ते सुधारत नाही म्हणून दोन शब्द. तुकडा कापायचा साडेसहाचा आणि शिवण दोन सूत म्हणजे पाव इंच. आपण ब्लाऊजवाल्या बायका सवयीनं अर्धा इंच सोडतो, इथे तसं नाही. आणि दोन सूत म्हणजे दोनच सूत, प्रत्येक कडेला अर्धं सूत जरी जास्त खाल्लं तरी एका शिवणीत एक सूत गेलं, सहा चौकोनांच्या ओळीत पाच शिवणी, पाच सूत म्हणजे अर्ध्या इंचाच्या वर फरक, आणि मग खालच्या ओळीशी कोपरे जुळतच नाहीत. मी मशीनच्या पाटावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावून कठडा केलाय, कापड त्याला टेकवत न्यायचं. एका ओळीच्या शिवणी इस्त्रीनं डावीकडे वळवायच्या, त्याच्या खालच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे जोडताना शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरा आपोआप जुळतो. कोपरे जुळलेले बघायला जे सुख मिळतं ना ते मला ब्लाऊजच्या परफेक्ट फिटिंगला पण नाही मिळत.

त्रिकोण जोडणार असाल तर कापून मग जोडू नका, तिरकी कड ताणली जाते. 7 इंचाचे दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची, मग रेघेवर कापायचं, दोन तयार चौकोन निघतात, ते साडेसहावर छाटायचे. कापणीला मी 45 मिमीचा गोल ब्लेडचा रोटरी कटर आणि मॅट घेतली, कात्रीनं बेचाळीस तुकडे सारखे कापायला मला तरी जमत नाही.

मग तीन थर जमिनीवर पसरले. अस्तर उलटं, चिकटपट्टीनं फरशीला ताणून चिकटवलं, त्यावर भरण, त्यावर जोडलेलं कापड. भरणाला बाजारात फायबरची शीट मिळते, पण मी एक जुनी सुती चादर घातली, आपल्या हवेला ती बरी आणि फूटखाली फुगत पण नाही. तळहाताच्या अंतरानं सेफ्टी पिना लावल्या, ऐंशी-नव्वद लागल्या. वॉकिंग फूट आला म्हणून पिना कमी लावल्या तर चालेल असं मला वाटलं होतं, नाही चालत, फूट थर सरकू देत नाही हे खरं, पण आधीच सैल राहिलेलं कापड तो ताणून देणार नाही.

सुई 16 नंबर घातली, टाका मोठा केला, एका इंचात साधारण आठ, आणि मधल्या शिवणीपासून सुरुवात केली. इथे मला आईची आठवण आली कारण आई आणि आजी गोधडी घालायच्या त्या कडेकडून, बाहेरून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यात यायच्या. कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंद म्हणजे त्यांची गोधडी शिवतात त्यांची पण हीच पद्धत, कडेकडून आत. हातानं ते जमतं कारण प्रत्येक टाक्याला हात कापड सपाट करत जातो. मशीनवर तसं केलं तर सगळा ढिला भाग मधे ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा येतो, म्हणून मशीनवर उलटं, मधून बाहेर. माझ्या पहिल्या दोन दुपट्यांत मी आईच्या पद्धतीनंच कडेकडून गेले होते. म्हणजे अर्धा दोष साध्या फूटचा होता आणि अर्धा माझ्या दिशेचा.

फूटसोबत एक वाकडी दांडी येते, ती मागून खोचायची आणि आधीच्या टीपेवर टेकवून चालवायची, म्हणजे दोन-दोन इंचावर समांतर रेघा खडू न मारता येतात. कल्पना फार चांगली, पण माझ्या फूटची दांडी सैल आहे, कपड्याच्या दाबानं सरकते आणि अंतर बदलतं. मी शेवटी कागदी चिकटपट्टी लावूनच रेघा मारल्या.

संपवलं, उलटं केलं, आणि पाठीवर एकही चुणी नाही. मी खरंच जमिनीवर बसून हात फिरवून फिरवून बघितलं.

आता जे जमत नाही ते. या फूटनं फक्त सरळ किंवा अगदी मोठ्या वळणाच्या रेघा होतात. फुलं, वेली, ते नागमोडी भरलेलं डिझाईन जे व्हिडिओत दाखवतात ते याचं काम नाहीच, त्याला फ्री मोशनचा म्हणजे डार्निंगचा उडता फूट लागतो, तो वेगळा, दोनशे-अडीचशेला मिळाला. त्यात खालचे दाते खाली पाडायचे असतात, माझ्या मशीनला ती सोय नाही म्हणून टाका शून्यावर ठेवला आणि दात्यांवर मधे भोक पाडलेलं प्लास्टिकचं कार्ड चिकटवलं, चालतं. मग कापड आपण हातानं फिरवायचं, मशीन जोरात आणि हात सावकाश, हे उलटं झालं की टाके लांब पडतात आणि वळणावर खाली दोऱ्याचे फासे दिसतात. रबराची पकड असलेले हातमोजे घाला, खांदे कमी दुखतात. मला दोन महिने लागले आणि अजून फक्त नागमोडी जमते, कमळ काढलं तर ते कमळ वाटत नाही. पण वॉकिंग फूट घेताना यावर फुलं निघतील अशी आशा ठेवून घेऊ नका, त्या बाबतीत विकणाऱ्यांची जाहिरात चुकीचे फोटो लावते.

दुसरं, मोठी गोधडी. सासूबाईंसाठी 60 बाय 90 ची घेतली आणि तिथे अडचण फूटची नव्हती, मशीनच्या पोटाची होती. सुईपासून खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा, त्यात अर्ध्या गोधडीची गुंडाळी कोंबायची. शिवाय वजन टेबलाच्या डावीकडून खाली लोंबतं, ते सुईला ओढतं, सुई वाकते आणि मोडते. डावीकडे इस्त्रीचं टेबल जोडलं तेव्हा जरा सुधारलं. मधला एक तृतीयांश भाग झाल्यावर मी थांबले आणि बाकीची दोन पॅनल वेगळी टिपून नंतर जोडायची असं ठरवलं, घरच्या मशीनवर मोठं काम करायचं तर मला हाच मार्ग दिसतो. आमच्या इथून इचलकरंजी जवळ आहे त्यामुळे अस्तराला मोठ्या पन्ह्याचं सुती कापड सहज मिळतं, जोड लागत नाही, ज्यांना मिळत नाही त्यांना तर पॅनलची पद्धत जास्तच सोयीची.

किरकोळ गोष्टी: आवाज खटखट खूप, दुपारी घरातली माणसं झोपलेली असतील तर नको. वेग निम्मा ठेवावा लागतो. फूट इतका रुंद आहे की सुई नेमकी कुठे पडतेय ते वाकून बघावं लागतं, त्यामुळे शिवणीच्या अगदी खाचेतून टीप मारणं मला जमलेलं नाही, मी तिरक्या रेघाच मारते, त्या दिसतात पण छान. रिव्हर्स मारू नका, टोकाला टाके बारीक करून थांबा. पायपिन म्हणजे कडेची पट्टी लावताना मात्र हा फूट काढूच नका, सहा-सात पदर एकत्र येतात आणि साध्या फूटखाली ते हमखास पिरगळतात, यात ते अगदी सरळ बसले. कोणी फक्त पिशव्या आणि पायपुसणी शिवत असेल त्यांनी पण याच एका कामासाठी घ्यावा असं मी म्हणेन.

साड्यांबद्दल दोघी-तिघींनी विचारलं म्हणून, कापायच्या आधी प्रत्येक साडी वेगळ्या बादलीत भिजवून पाण्याचा रंग बघा, लाल आणि गडद निळी हमखास सोडते. आणि साडीचा कमरेला खोचलेला भाग आणि खालची कड विरलेली असते, पदराकडचा भाग घ्या. सिंथेटिक साडी सुतीच्या शेजारी जोडू नका, इस्त्रीला एक जळते आणि दुसरीची घडी जात नाही.

दुपटं आतापर्यंत पंधरा-वीस वेळा धुतलं गेलंय, मशीनमध्येच, कुठे उसवलं नाही, सुती आहे म्हणून जरा आकसलं आणि त्यानं उलट छान सुरकुतलं, जुन्या गोधडीसारखं दिसायला लागलं.

माझ्याकडे आईची दोन लुगडी आहेत, नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. भाची म्हणाली आता वॉकिंग फूट आहे तर त्यांची पण करून टाक. एका कोपऱ्यावर टीप मारून बघितली आणि लगेच थांबवली. 16 नंबरची सुई त्या विरलेल्या सुताला भोकं पाडते आणि मशीनचा पॉलिस्टर दोरा कापडापेक्षा मजबूत, दोनचार धुण्यांत तोच कापड कापत जाईल. ती कोपऱ्यातली टीप मी सीम रिपरनं एकेक टाका करत उसवली. लुगड्यांची गोधडी हातानंच घालणार आहे, सुती दोरा आणलाय, कडेकडून सुरुवात करून मध्यात येणार.