इमॅटिनिब आणि अझासिटिडीन: ल्युकेमियावरचे दोन मार्ग

दोन्ही औषधं ल्युकेमियाचीच, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचीच, पण घाव वेगवेगळ्या जागी घालणारी. सीएमएलमध्ये, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या एका ल्युकेमियात, ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यातून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारं प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब नेमकं त्याच्याच खाचेत जाऊन बसतं आणि पेशींची बेसुमार वाढ थांबते. साधारणपणे रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी घेऊन रुग्ण वर्षानुवर्षं नोकरी-संसार सांभाळतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्या टिकल्या. मला तो निकाल औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

अझासिटिडीनची वाट एपिजेनेटिक, म्हणजे जनुकं न बदलता त्यांचं चालू-बंद होणं बदलणारी. एएमएलमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या एका ल्युकेमियात, पेशींना आवर घालणारी काही जनुकं शाबूत असूनही डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणांमुळे गप्प असतात. हे औषध डीएनएत शिरून त्या खुणा लावणाऱ्या विकराला अडकवतं. पेशी विभागत जाते तशा खुणा विरळ होतात, म्हणून गुण यायला बरेचदा काही महिने लागतात. एकट्याने त्याची ताकद बेताचीच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र व्हेनेटोक्लॅक्स या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाच्या जोडीने, कडक केमोथेरपी न झेपणाऱ्या रुग्णांचा मध्यक जीवनकाल ९.६ वरून १४.७ महिन्यांवर गेला. इमॅटिनिबच्या मानाने हे थोडं आहे खरं, पण एएमएलमध्ये बिघाड सहसा एकाच जनुकाचा नसतो.