गोव्याची भरभराट कोणत्या मापाने मोजावी?

दरडोई उत्पन्नात गोवा वर्षानुवर्षे देशातल्या पहिल्या काही राज्यांत आहे. पण खाणपट्ट्यातल्या डिचोली किंवा सांगे तालुक्यातल्या ग्रामसभेत बसलात, तर बोलणे विहिरीच्या पाण्यावर येते. पंचायतीचा आराखडा किंवा राज्याचा अर्थसंकल्प कशावर बेतायचा, हे ठरवण्यात ज्यांचा वाटा आहे त्यांच्यासाठी भरभराट मोजण्याच्या पाच मापांची ही तुलना. कसोटीला एकच घटना घेतली आहे: बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेल्या खाणी.

राज्याच्या एकूण उत्पादनाचा आकडा तेव्हा लगेच घसरला. हे त्याचे बळ. तो दरवर्षी येतो, करवसुलीचा अंदाज त्यावर बांधता येतो आणि रोजगार बुडाल्याची वर्दी तोच आधी देतो. त्याचा दोषही त्याच घटनेत दिसतो. खाणी जोरात होत्या तेव्हा उपसलेले खनिज संपूर्ण कमाई म्हणून धरले गेले, जमिनीतून कायमचे काय गेले ते कुठेच वजा झाले नाही. घरातले दागिने मोडून आलेले पैसे पगारात धरावेत, तसा हा हिशेब. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावले होते की या आकड्यावरून देशाचे कल्याण जोखता येत नाही.

महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९० मध्ये पुढे आणलेला मानव विकास निर्देशांक उत्पन्नाला आयुर्मान आणि शिक्षणाची जोड देतो. देशादेशांची तुलना करायला तो उत्तम आहे. पण आयुर्मान काय, शिक्षणाची वर्षे काय, वर्षा-दोन वर्षांत हलत नाहीत. अर्थसंकल्पासाठी तो फार संथ.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक १२ निकष लावतो: पोषण, शाळा, स्वयंपाकाचे इंधन, वीज, घर, बँक खाते वगैरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून गोव्यातल्या गरिबांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी निघाले. ही मोठी कमाई आहे आणि ती जपायलाच हवी. पण खाणी बंद झाल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकचे हप्ते थकलेले कुटुंब या निकषांत गरीब ठरत नाही. घर पक्के, वीज आहे, बँकेत खातेही आहे. कर्ज त्याच बँकेचे आहे, हे मात्र निर्देशांक विचारत नाही.

भूतानचे सकल राष्ट्रीय आनंदाचे माप ते विचारू शकते. त्यात ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक आहेत. झोप, रिकामा वेळ, शेजाऱ्यांवरचा विश्वास, निसर्ग हे सगळे येते. अडचण सर्वेक्षणाची. २०१५ नंतरचे सर्वेक्षण थेट २०२२ मध्ये झाले. त्यातली घेण्यासारखी गोष्ट मला वेगळीच वाटते: नवे धोरण मंजूर करण्याआधी ते या निकषांवर पारखण्याची तिथली पद्धत. डोंगरकापणीच्या प्रत्येक परवान्याआधी आपल्याकडे अशी पारख व्हायला हवी.

राहिला नैसर्गिक संपत्तीचा ताळेबंद, म्हणजे खनिज, पाणी, जमीन किती होती आणि किती उरली याचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये त्याची चौकट मान्य केली. गोव्याला त्याच्या जवळ न्यायालयाने नेले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टन उत्खननाची मर्यादा आली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश. म्हणजे खनिज हा पुढच्या पिढ्यांचाही ठेवा आहे, हे तत्त्व कागदावर आले. तेच खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती), बांध, मानशी (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारी बांधातली दारे) आणि झऱ्यांना लागू व्हावे. फक्त सगळ्याचे रुपये करू नका. देवराईची किंमत ठरवत बसलात तर वाद संपणार नाही. टन, हेक्टर, झरा किती महिने वाहतो, एवढी नोंद पुरे.

माझा कौल स्पष्ट आहे. राज्याने हा ताळेबंद उत्पादनाच्या आकड्याशेजारी, त्याच पानावर छापावा. ट्रकचालकाची बुडालेली मजुरी ताळेबंदात दिसत नाही, म्हणून उत्पादनाचा आकडा टाकून देऊ नये. आनंदाची पाहणी खाणपट्ट्यातल्या काही गावांपुरती केली तरी चालेल. पंचायतीला नवे काही उभारावे लागत नाही: २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही मागवा, त्यात विहिरी, झरे आणि मानशींची स्थिती दरवर्षी भरायची सोय करा, आणि आराखडा मंजुरीला येईल तेव्हा ती पाने ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा.