बॅकअप क्वार्टरबॅककडे लावलेली शिकवणी, आठ आठवड्यांनंतर

आधीच सांगते, मला स्वतःला फुटबॉल (अमेरिकन हो, पायाने खेळतात ते नाही) फार उशिरा कळायला लागलं. फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो तेव्हा वाटायचं हे कसलं खेळणं, पाच सेकंद धावाधाव की परत सगळे आपले उभे. आता पोरगाच हायस्कूलच्या टीममध्ये क्वार्टरबॅक (चाल सांगणारा आणि बॉल फेकणारा) आहे, म्हणजे दोन नंबरचा, बॅकअप, पहिल्याला काही झालं तरच याचा चान्स, आणि सीझनभर बाकावर बसून त्याचं तोंड इतकं उतरलं की शेवटी एक प्रायव्हेट कोच लावला. तासाला 80 डॉलर, आठ आठवडे, दर रविवारी सकाळी. नाव देत नाहीये कारण खाली थोडी तक्रारपण आहे.

दोन जण शॉर्टलिस्ट केले होते. एक जण कॉलेजात स्टार होता, व्हिडिओ एकदम चकाचक, बॉल मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला. दुसरा हा, कॉलेजची सगळी वर्षं बॅकअप, मग ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून रात्र रात्र मॅचचे व्हिडिओ कापत बसलेला, कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली एक), किती यार्ड हवेत, फॉर्मेशन काय म्हणजे कोण कुठे उभा, प्रत्येक प्लेची (चालीची) नोंद करत. आमचे हे म्हणाले, जो स्वतः धड खेळला नाही तो काय शिकवणार? मलाही तसंच वाटलं होतं, पण त्या स्टारकडे जागाच नव्हती.

पहिल्या दिवशी पाऊण तास बॉल हातात दिला नाही. मी खुर्चीत बसून मनात डॉलर मोजतेय. याने पोराच्या कानात इयरबड घालायला लावला, स्वतः तीसेक पावलं लांब गेला, फोन लावला आणि स्टॉपवॉच चालू. एनएफएलमध्ये (इथली प्रोफेशनल लीग) क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येणारा रेडिओ असतो आणि प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायला दिलेली वेळ मोजणारं घड्याळ) 15 सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो, तसंच यानेही केलं, लांबलचक प्ले सांगितला आणि 15 वर खटकन फोन कट. पोराने तो प्ले शब्दन् शब्द मोठ्याने म्हणायचा, रिकाम्या मैदानावर, समोर दहा जण उभे आहेत असं समजून. पहिल्यांदा निम्मा विसरला. दुसऱ्यांदा म्हटला पण असा पुटपुटत की मलाच ऐकू आलं नाही. कोच म्हणाला, तुझ्या आवाजावरून तुला वाचवायला पुढे उभ्या लाइनमनला कळतं तुला खात्री आहे की नाही. पाचव्या खेपेला घरी कधी काढत नाही असा आवाज काढला पोराने, मी दचकलेच.

मग सेफ्टी (समोरच्या टीमचे सगळ्यात मागे राखण करणारे) वाचणं. स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो त्या क्षणाच्या) आधी मागे एक सेफ्टी उभा आहे की दोन, ते बघायचं, आणि स्नॅप झाल्यावर ते तिथेच राहतात की जागा बदलतात तेही बघायचं, कारण आधी दाखवतात एक आणि करतात दुसरंच. कोच स्वतः सेफ्टी बनून उभा राहायचा आणि शेवटच्या क्षणी सरकायचा. पोराने लागोपाठ तीनदा बॉल थेट त्याच्या हातात दिला. ओरडला नाही. दर वेळी एकच प्रश्न, "काय दिसलं?" असं का केलंस नाही, काय दिसलं. घरी मी हा प्रश्न अभ्यासाच्या बाबतीत वापरून बघितला, चालला नाही.

गाडीत येताजाता पोराने मला बाकीचं ज्ञान दिलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बॅकअप आठवडाभर काय करतो तर स्काउट टीममध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक बनून त्यांचे प्ले चालवतो, मीटिंगा सगळ्या करतो, आणि मॅचला क्लिपबोर्ड धरून उभा. म्हणजे अर्धा कोच तो आधीच झालेला असतो, फक्त पगार खेळाडूचा. आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सचंच बघा ना. डग पेडरसन, ग्रीन बे पॅकर्सच्या स्टार क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा बॅकअप, 1999 ला इथे नवखा क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत जागा सांभाळणारा, रिटायर झाल्यावर लुइझियानात श्रीव्हपोर्टच्या एका हायस्कूलला चार वर्षं कोच, मग ईगल्सच्या तेव्हाच्या हेड कोच अँडी रीडच्या हाताखाली अगदी खालच्या पोस्टवरून सुरुवात, आणि फेब्रुवारी 2018 ला ईगल्सचा हेड कोच म्हणून पेट्रियट्सना 41-33 हरवून सुपर बोल (एनएफएलची फायनल). त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याच्या चाली आखणारा कोच) फ्रँक राइख, तोही बॅकअप, बफेलो बिल्सचा पहिला क्वार्टरबॅक जिम केली जखमी असताना जानेवारी 1993 ला 32 पॉइंटची पिछाडी भरून काढणारा. आणि मैदानावर निक फोल्स, तोही बॅकअपच! हाफटाइमच्या जरा आधी चौथा डाऊन, एक यार्ड बाकी, फोल्सने स्वतः येऊन तो फसवा प्ले सुचवला आणि पेडरसनने हो म्हटलं. बाकावर बसलेल्याचं ऐकायची सवय बाकावर बसलेल्यालाच असणार, असं मला आपलं वाटतं.

केव्हिन ओकॉनेल तर अजून भारी. 2008 ला पेट्रियट्सने घेतला, अख्ख्या एनएफएल करिअरमध्ये 6 पास टाकले, त्यातले 4 पकडले गेले, संपलं. मग क्वार्टरबॅक कोच, कोऑर्डिनेटर, 2022 पासून मिनेसोटा व्हायकिंग्जचा हेड कोच आणि 2024 च्या सीझनचा कोच ऑफ द इयर. उलट बार्ट स्टार, पॅकर्सचा क्वार्टरबॅक, पहिल्या दोन्ही सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), त्याच पॅकर्सचा नऊ सीझन कोच होता तर विजयापेक्षा पराभव जास्त. हे मी मोठ्या टेचात कोचला सांगायला गेले तर तो हसला आणि म्हणाला, स्टीव्ह स्परियर? फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक म्हणून 1966 ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) आणि 1996 ला कोच म्हणून त्याच फ्लोरिडाला नॅशनल टायटल. गप्प बसले.

आता तक्रारी. लांब फेकायला शिकवणं जवळजवळ शून्य, पोराचा हात होता तेवढाच आहे, तेच हवं असेल तर इथे येऊ नका. सेशनचा व्हिडिओ त्याच रात्री मिळेल म्हणाले होते, मिळाला बुधवारी, एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या मुलाचा. बुकिंगच्या ॲपने एका रविवारचे पैसे दोनदा कापले, परत मिळायला तीन मेल करावे लागले, आणि आठचं पॅकेज घेतल्यावर पावसाने गेलेलं सेशन बुडीत खात्यात, त्याच्या बदल्यात दुसरं मिळत नाही.

पाचपैकी चार. पोरगा अजून दोन नंबरच आहे, पण फ्रिजवर व्हाइटबोर्ड लावून घेतलाय आणि रोज रात्री त्यावर नवीन काहीतरी रेघोट्या असतात, परवा मला विचारलं, "आई, काय दिसलं?" मी म्हटलं दोन सेफ्टी. एक होता.

स्प्रिंगसाठी परत लावतोय, पण सुटं एकेक सेशन, पॅकेज नाही. जाणार असाल तर घडीची खुर्ची न्या, तिथे बसायला काही नाही.