गिरगावातले प्लंबरकाका: सिंक तुंबलं तर यांनाच बोलवा

आमची इमारत जुनी, सांडपाण्याची उभी लाइन अजून बिडाचीच. सिंक तुंबलं तेव्हा नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्यांनी या काकांना पाठवलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी आल्या आल्या हत्यार काढलं नाही. सिंकमध्ये पाणी सोडलं आणि मोरीच्या जाळीकडे बघत उभे राहिले. मोरी कोरडी राहून सिंकच भरलं, तर अडथळा सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे तिथल्या वाकड्या नळीत, किंवा जरा पुढे. पाणी मोरीतून वर आलं, तर दोन्हींच्या सामायिक पाइपात. आमच्याकडे मोरीतून आलं. तरीही बादली लावून त्यांनी ट्रॅप उघडून पाहिलाच. स्वच्छ होता. मग मोरीतून स्प्रिंग, म्हणजे पाइप मोकळा करायची लांब लवचिक तार, घातली आणि दांडा फिरवत, जोर न करता, पुढे सारत गेले. निघाला तो चहाचा चोथा आणि थिजलेल्या तुपातेलाचा साबणासारखा घट्ट थर.

कॉस्टिक सोडा टाकू का विचारलं, तर साफ नको म्हणाले. अगदी बरोबर! पाणी जात नसेल तर सोडा तिथेच साचतो, तापतो, आणि नंतर पाइप उघडणाऱ्याच्या हातावर येतो. त्यात कुणी ॲसिड ओतलं तर आणखी भयंकर.

मजुरी 700 रुपये. भरलेल्या बादल्या ओतून दाखवल्या, मोरी धुऊन दिली. संध्याकाळी फोन उचलत नाहीत, सकाळीच गाठा.