कानाला एक ट्रम्पेट ऐकवला आणि हातात दुसराच दिला

सांगली, मिरज, तासगाव, विटा ह्या पट्ट्यातल्या सगळ्या बँडवाल्यांसाठी लिहितोय, खास करून जी पोरं आत्ता पहिला चांगला ट्रम्पेट घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. लग्नसराई उरकली की हातात थोडे पैसे असतात आणि गणपतीच्या आत नवीन वाद्य पाहिजे असतं, बरोबर त्या मधल्या दिवसांत नकली ट्रम्पेट विकणारे हे लोक येतात. माझे ४५,००० रुपये गेलेत आणि आमच्या धंद्यात ही रक्कम किती घाम गाळून येते ते तुम्हाला सांगायला नको.

मला आवाज जाड आणि गोल पाहिजे होता. बँडात मुखडा मी वाजवतो, अभंग, संथ गाणी, नवरी निघताना वाजवतात ती गाणी, तिथं कानाला टोचणारा आवाज चालत नाही, बाया रडत असतात आणि आपण किंचाळणारा ट्रम्पेट वाजवायचा हे बरं दिसत नाही. जुना ट्रम्पेट मेरठचा, पिस्टन (बोटानं दाबायचे खटके) झिजलेले, वरच्या पट्टीत गेलं की चिरका व्हायचा. म्हणून आमच्या बँडच्या मास्तरांनीच सांगितलं, आता चांगला घे, आवाज बघून घे.

मला फसवणारा हा माणूस पुण्याकडचा म्हणून सांगायचा. एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर रूम घेऊन बँडवाल्यांना फोन करून बोलवायचा. बोलणं एकदम गोड, "मास्तर, पैशाचं नंतर बोलू, आधी तुम्हाला कसा आवाज लागतो ते सांगा." मी सांगितलं. त्यानं पेटीतून यामाहाचा वायटीआर ४३३५ जी काढला. त्यातला जी म्हणजे गोल्ड ब्रासची बेल (पुढचं रुंद तोंड). साध्या पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, गोल्ड ब्रासमध्ये तांबं ८५ च्या आसपास, त्यामुळं रंग जरा तांबूस दिसतो आणि आवाज थोडा उबदार लागतो असं वाजवणारे म्हणतात. माझं माउथपीस, म्हणजे ओठ लावायचा सुटा भाग, मी बरोबर नेलं होतं, ७सी नंबरचं. ते काढलं तर म्हणला, "हे ह्या शँकला बसणार नाही, माझं धुतलेलं आहे हे घ्या," आणि त्यानं ३बी लावून दिलं. शँक म्हणजे माउथपीसची ट्रम्पेटमध्ये बसणारी नळी.

आणि आवाज असा आला की बरोबर आलेला आमचा क्लॅरनेटवाला उठून उभा राहिला. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो व्हिडिओ पुढं लय कामाला आला.

आता त्या रूममध्ये काय काय चाललं होतं ते नीट समजून घ्या, कारण खरी फसवणूक तिथंच झाली. पहिली गोष्ट शँकची. ट्रम्पेटच्या माउथपीसचा शँक जवळपास सगळीकडं एकाच मापाचा असतो, कॉर्नेटचा (ट्रम्पेटसारखंच दुसरं वाद्य) बारीक असतो, त्यामुळं ट्रम्पेटचं माउथपीस ट्रम्पेटला बसणार नाही हे सरळ खोटं. त्याला ३बी लावायचंच होतं, कारण बाख कंपनीच्या माउथपीसच्या नंबरात आकडा जितका लहान तितका कप आतून रुंद, आणि अक्षर ए कडं जाईल तितका कप खोल. खोल कपातून आवाज जाड आणि गडद येतो, उथळ कपातून उजळ आणि धारदार. म्हणजे मी जो आवाज मागितला त्यातला बराचसा माउथपीसनंच दिला. दुसरी गोष्ट रूम. लहान खोली, खाली-वर फरशी, खिडकी बंद, तिथं कुठलाही ट्रम्पेट भरदार वाटतो. आपण वाजवतो रस्त्यावर, मोकळ्यावर, डीजेच्या शेजारी, तिथं ती भिंत परत आवाज देत नाही.

मग तो म्हणला हा डेमो पीस आहे, हा विकायचा नाही, तुम्हाला सीलबंद नवा पीस मागवून देतो, याच मॉडेलचा. शोरूमपेक्षा किंमत कमी, कारण म्हणे थेट इंपोर्टरकडून. २०,००० यूपीआयनं तिथंच घेतले, बाकीचे पार्सल ताब्यात घेताना रोख. बिल म्हणून एक कच्ची चिठ्ठी, त्यावर नुसतं "ट्रम्पेट १ नग". पक्कं बिल पार्सलबरोबर येईल म्हणला, ते आजपर्यंत आलेलं नाही.

पार्सल आलं, पेटी तीच, बेलवर नाव तेच, रंग तोच तांबूस. वाजवला आणि आवाज पातळ. ३बी नव्हतंच आत, ७सी आलं होतं, म्हणून मास्तरांकडून खोल माउथपीस घेऊन वाजवला तरी तो गोलपणा काही येईना. वरची ई (हा सूर) एवढी खाली उतरायची की ओठानं उचलून उचलून गाल दुखायला लागले. ही ई म्हणजे पाचवी हार्मोनिक (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर), ती प्रत्येकच ट्रम्पेटवर जराशी उतरते, चांगल्या ट्रम्पेटवर ती ओठानं सहज सावरते, ह्याच्यावर क्लॅरनेटबरोबर लावली की मांडवातली माणसं वळून बघतील अशी अवस्था. दुसरा पिस्टन खाली जाऊन तिथंच अडकायचा.

फोन केला तर पहिल्यांदा उचलला. "नवीन पितळ आहे मास्तर, चार लग्नं वाजवा, खुलेल." हे वाक्य लक्षात ठेवा, हे सगळ्यांना सांगतात. वाजवून वाजवून आपला ओठ वाद्याला थोडा सरावतो हे खरं, पण ज्या पिस्टनमधून हवा गळते तो चार काय चारशे लग्नं वाजवली तरी खुलत नाही. त्यानंतर फोन बंद.

मग एका जुन्या कारागिराकडं नेला. त्यांनी पिस्टन न दाबता मधली लहान स्लाइड (ओढून काढता येणारी नळी) झटक्यात ओढली. पिस्टन घट्ट असतील तर "पट्" असा आवाज येतो, इथं काहीच नाही, हवा सगळीकडून गळत होती. मग बेलच्या कडेला जिथं लॅकर (वरचा चकचकीत थर) उडालं होतं ते दाखवलं, खाली साधं पिवळं पितळ, तांबूस रंग नुसता लॅकरचा. आणि त्या व्हिडिओत दुसऱ्या पिस्टनच्या नळीवरचा सिरियल नंबर झूम करून बघितला, डेमो पीसवर खोल ठसा आणि पूर्ण नंबर, माझ्यावर नुसता वरवर खरवडल्यासारखा, आकडे वेगळे. मी जे वाजवलं होतं ते अस्सल होतं, मला पाठवलं ते नक्कल. राग ह्याचाच येतो. माणसाला कुठला आवाज आवडतो हे आधी प्रेमानं विचारून घ्यायचं आणि त्याच आवाजानं त्याला लुबाडायचं.

आपल्याच जिल्ह्यात मिरजेला सतार, तंबोरा घ्यायला लांबून लांबून माणसं येतात. तिथं कारागिराच्या समोर बसून सांगता येतं की जवारी (तारेखालच्या घोडीची घासलेली बाजू, तिच्यावर तारेची झणक ठरते) खुली पाहिजे का बंद, तो तिथंच घासून देतो, पटलं नाही तर परत घासतो, जे वाजवलं तेच वाद्य घरी येतं. २०२४ ला तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. आपल्या ट्रम्पेटवाल्यांना असं जवळ बसून घ्यायची सोय नाही, म्हणून असले लॉजवर फिरणारे लोक आपल्यापर्यंत पोचतात.

तेव्हा भावांनो, जो ट्रम्पेट वाजवला त्याचाच सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, मॉडेलसकट. "तसलाच दुसरा" देतो म्हणला की पैसे द्यायचे नाहीत, पार्सल आल्यावर आधी वाजवणार, मग पैसे. आपलंच माउथपीस लावायचं, ते नाही लावू दिलं तर पेटी बंद करा म्हणायचं. आणि खोलीच्या बाहेर या, मैदानात किंवा रस्त्यावर उभं राहून वाजवा आणि एका जोडीदाराला तीस-चाळीस फुटांवर समोर उभं करा, कारण बेल पुढं असते, आवाज पुढं जातो, वाजवणाऱ्याला ऐकू येतो तो वेगळाच. जोडीदारानं सांगितलेला आवाज खरा धरायचा. संथ गाणं हळू वाजवून बघा, जोरात कुठलाही ट्रम्पेट वाजतो, हळू वाजवताना कळतं. माझं मत विचाराल तर गोल्ड ब्रासच्या मागं आधी लागू नका, जाड आवाज पाहिजे असेल तर आधी खोल माउथपीस लावून आपलाच ट्रम्पेट ऐका, थोड्या पैशात अर्धं काम होतं.

यूपीआयनं पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील नसला तरी स्वतः अर्ज देता येतो.

मी पोलिसांत अर्ज दिलाय, व्हिडिओ, यूपीआयची नोंद, कच्ची चिठ्ठी आणि कुरिअरची पावती जोडून. चौकशी केल्यावर कळलं की विट्याकडच्या एका पोरालाही त्याच माणसानं तोच डेमो पीस ऐकवलाय, त्यानंही अर्ज केलाय. आता ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. लॉजवर असा ट्रम्पेट ऐकून कुणी पैसे दिले असतील तर पेटी, पार्सलवरचं लेबल आणि चिठ्ठी टाकून देऊ नका, वाद्य दुरुस्तीला देण्याआधी सिरियल नंबरचा फोटो काढा आणि आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या, जितके अर्ज जास्त तितका तो लवकर सापडेल.