रिलीज ऑर्डर आमच्या नावावर, अनामत त्याच्या खात्यात

हा अनुभव मी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि आसपासच्या भागात जाहिरात व डिझाइनचे काम करणाऱ्या लहान एजन्सींसाठी, आणि त्यांच्या जाहिराती पाहून एखाद्या नव्या मालाची वितरकी घेण्याच्या विचारात असलेल्या व्यापाऱ्यांसाठी लिहीत आहे. ज्याने आम्हांला फसवले त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलेली आहे आणि तपास सुरू आहे, म्हणून त्याचे किंवा त्याच्या तथाकथित कंपनीचे नाव येथे देत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण नाव आणि माल बदलून हाच प्रकार दुसऱ्या गावात करणे मुळीच अवघड नाही.

आमची एजन्सी राजारामपुरीत आहे. गुजरीतल्या सराफी पेढ्या, गांधीनगरचे कापडव्यापारी, शिवाजी उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार अशी आमची गिऱ्हाइके आहेत. या धंद्यात बराचसा व्यवहार ओळखीवर चालतो. फ्लेक्स छापणारा, होर्डिंगचा मालक, फोटोग्राफर, रिक्षावर स्पीकर लावून फिरणारा, सगळे एका फोनवर कामाला लागतात आणि बिल नंतर पाठवतात. होर्डिंगची किंवा वृत्तपत्रातली जागा घेताना जी रिलीज ऑर्डर काढतात, जिला आम्ही आर.ओ. म्हणतो, ती एजन्सीच्या लेटरहेडवर निघते. त्यावर गिऱ्हाइकाचे नाव असले तरी पैसे चुकते करण्याची जबाबदारी एजन्सीकडे राहते. वृत्तपत्राची जागा आम्ही एका मोठ्या, मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत घेतो, म्हणजे साखळीत आणखी एक दुवा वाढतो. या सगळ्यांना बांधून ठेवते ती एजन्सीची बाजारातली पत, आणि त्या माणसाला आमच्याकडून तीच हवी होती.

तो दसऱ्याच्या आधी आला. सेंद्रिय गूळ पावडर, काकवी आणि कांदा-लसूण मसाला असा माल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरायचे, प्रत्येक तालुक्याला एक वितरक नेमायचा आणि दिवाळी पाडव्याला, मार्केट यार्डात मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात त्याच दिवशी, शुभारंभ करायचा, अशी त्याची योजना होती. ही वेळ त्याने विचारपूर्वक निवडली होती. त्या पंधरवड्यात शहरातला कोणताही दुकानदार, छापखाना किंवा एजन्सी श्वास घ्यायला मोकळी नसते, आणि कागदपत्रे तपासणारा माणूस बिलांच्या ढिगाखाली असतो. त्याने आमच्या एका जुन्या सराफ गिऱ्हाइकाचा हवाला दिला. आम्ही फोन करून विचारले तेव्हा त्यांनी ‘हो, दुकानात आले होते, माणूस चांगला वाटला’ असे सांगितले. पुढे कळले की तो तेथे एकदाच जाऊन एक छोटीशी खरेदी करून आला होता आणि बोलता बोलता ‘तुमच्या जाहिराती कोण करते?’ एवढे विचारून घेतले होते. असा हवाला खोटा ठरत नाही, आणि म्हणूनच तो घातक असतो.

दरात त्याने काहीही घासाघीस केली नाही. बोधचिन्ह आणि पाऊचच्या डिझाइनसाठी मागितलेली आगाऊ रक्कम त्याच संध्याकाळी खात्यात जमा झाली. पहिले छोटे बिल वेळेवर देऊन विश्वास बसवायचा आणि मोठ्या बिलाची वेळ येईपर्यंत कामाचा वेग इतका वाढवायचा की समोरच्याला थांबताच येऊ नये, हा या पद्धतीचा गाभा आहे. डिझाइन मंजूर होताच तो म्हणाला की आता होर्डिंग, वृत्तपत्रातली पानभर जाहिरात आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिराती एकदमच सोडायच्या. कावळा नाक्यावर, पुणे-बंगळूरु महामार्गावर शिरोलीजवळ आणि इचलकरंजीत होर्डिंग घेतली गेली. सर्व आर.ओ. आमच्या नावावर निघाल्या. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींचा खर्च आमच्या कार्डवरून होत राहिला, कारण त्याच्या म्हणण्यानुसार कंपनीचे कार्ड बँकेतून ‘येतच होते’. या सगळ्यापोटी त्याने पुढील तारखांचे धनादेश दिले.

येथे कागदपत्रांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. त्याच्या ऑर्डरच्या लेटरहेडवर नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे छापलेले होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या करदात्याचा पॅन. पॅनमधले चौथे अक्षर तो कोणाचा आहे हे सांगते: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, व्यक्ती असेल तर पी. म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर पाहिले की समोर खरोखर कंपनी आहे की एकटा माणूस, हे जागेवर कळते. या लेटरहेडवर ते अक्षर पी होते. आमच्या हिशेबनीस ताईंनी बिल करतानाच ते हेरले आणि लेखी विचारणा केली. ‘कंपनीचे नाव मंजूर झाले आहे, नोंदणीचे प्रमाणपत्र यायचे आहे, तोपर्यंत आमच्या भागीदारांच्या फर्मवर बिल करा,’ असे उत्तर आले. ते भागीदार आमच्यासमोर बैठकीला येऊन बसलेले होते: पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि तोंडातून एक शब्द नाही. धनादेशांवर सही त्यांचीच होती. हा माणूस प्रत्यक्षात त्याच्याकडे रोजंदारीवर टेम्पो चालवत होता, आणि याच चालकाच्या नावावर फर्म, जीएसटी नोंदणी व बँक खाते असे सर्व काही उघडून घेतलेले होते, हे आम्हांला पोलीस ठाण्यात कळले.

दुसरी खूण पाऊचवर होती. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. आमच्या डिझायनरने तो वारंवार मागितला आणि प्रत्येक वेळी ‘जागा मोकळी ठेवा, क्रमांक नंतर देतो’ असे सांगण्यात आले. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, ते चिन्ह पाऊचवर टाका, असाही त्याचा आग्रह होता. पण ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि तिचा कागद मागितल्यावर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. ज्याला पाडव्याला माल विकायचा आहे त्याच्याकडे दसऱ्याला परवाना नसेल, तर त्याला माल विकायचाच नाही, असे आज मी कोणालाही सांगेन. त्याने आमच्याकडून पाऊचच्या फक्त नमुन्याच्या प्रती छापून घेतल्या होत्या. वितरकांपुढे टेबलावर मांडायला तेवढ्या पुरेशा होत्या.

सर्वांत जास्त नुकसान ज्या गोष्टीने झाले, ती दिसायला अगदी साधी होती. ‘आमचे ऑफिस रंगवायला काढले आहे, वितरकांची बैठक तुमच्याकडे घेऊ का?’ असे त्याने विचारले. गिऱ्हाइकाला बैठकीची खोली देणे आमच्या व्यवसायात नेहमीचे आहे. कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर, इस्लामपूर अशा ठिकाणांहून किराणा आणि मसाल्याचे व्यापारी आले. भिंतीवर आम्ही केलेल्या कामांच्या चौकटी होत्या, त्यांत त्यांच्या ओळखीच्या दुकानांची नावे होती. पडद्यावर आमच्याच मुलांनी बनवलेली जाहिरात चालू होती, येताना त्यांनी रस्त्यावर होर्डिंग पाहिले होते, आणि चहा आमच्या कर्मचाऱ्याने दिला होता. या वातावरणात त्याने तालुक्याची मक्तेदारी देण्याचे करार काढले आणि अनामत रक्कम घेतली. कोणी ऑनलाइन पाठवली, कोणी रोख दिली. त्या खोलीतली प्रत्येक खरी वस्तू त्याच्या खोट्याला आधार देत होती.

पाडव्याच्या दिवशी शुभारंभ झाला नाही. मालाची गाडी अडकली आहे, असे सांगण्यात आले. भाऊबीजेनंतर पहिला धनादेश बँकेत टाकला तो परत आला, आणि त्याच आठवड्यात फोन बंद झाला. शिरोलीतल्या ज्या गोदामाचा पत्ता करारांवर होता ते भाड्याचे होते आणि त्याला मालकाचेच कुलूप होते, कारण भाडेही दिलेले नव्हते.

त्यानंतर व्यापारी आमच्या दारात आले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी मुलाला वेगळा धंदा काढून द्यावा म्हणून पैसे भरले होते, खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. ते एवढेच म्हणाले, “तुमच्या हापिसात बसून पैसे दिलेत आम्ही. आता तुम्हीच सांगा, कुणाकडं जायचं?” आमचे पैसे बुडाले याचे दुःख आहेच, पण आमच्या भिंतींकडे पाहून ज्यांनी पैसे दिले त्यांचे दुःख मला अधिक टोचते, आणि हा मजकूर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

कायद्याच्या बाजूने काय झाले तेही सांगतो, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, अशी तरतूद २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, जुनी असल्याने हा मार्ग आम्हांला खुला होता. पण हा कायदा पैसे थकवणाऱ्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी उपयोगी पडतो. जिथे समोरचा खरेदीदार एक टेम्पोचालक आहे तिथे निवाडा मिळाला तरी वसुली कोणाकडून करणार? धनादेश न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली कारवाई करायची तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस द्यावे लागतात आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावी लागते. या मुदती आम्ही पाळल्या. तरीही कायद्याच्या दृष्टीने आरोपी तो, ज्याच्या खात्याचा धनादेश आहे. ज्याने सगळा डाव रचला त्याची सही त्या कागदावर कुठेच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खरा मार्ग फसवणुकीच्या फौजदारी तक्रारीचाच आहे, जी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. जीएसटीचा भार वेगळाच: बिल ज्या महिन्यात केले त्या महिन्याच्या विवरणपत्रात १८ टक्के कर आम्ही भरला, आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून तो कर परत मिळण्याची सोय कायद्यात नाही. होर्डिंगवाल्यांचे आणि छपाईचे पैसे आम्ही हप्त्यांनी देत आहोत. ती माणसे आमच्या शब्दावर उभी राहिली होती, तेव्हा त्यांचे बुडवणे हा विचारच नव्हता.

एजन्सी चालवणाऱ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. नव्या गिऱ्हाइकासाठी माध्यमांचा खर्च स्वतःच्या नावावर उचलू नका. होर्डिंग आणि वृत्तपत्राची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय आर.ओ. काढू नका, आणि पुढील तारखेचा धनादेश म्हणजे रक्कम नव्हे हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींचे खाते गिऱ्हाइकाच्याच नावावर उघडायला लावा, कार्ड त्याचेच जोडा आणि तुम्ही फक्त चालवण्याचा अधिकार घ्या. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरली आहेत की नाही हे फुकट दिसते. लेटरहेडवरचे नाव, तेथे दिसणारे नाव, धनादेशावरचे नाव आणि आगाऊ रक्कम ज्या खात्यातून आली त्याचे नाव, ही चारही एकच असली पाहिजेत. वेगळी असतील तर कितीही गोड खुलासा आला तरी काम थांबवा. पूर्ण पैसे येईपर्यंत ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी डिझाइनची मूळ फाइल, देऊ नका. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी करारानेच होते, तेव्हा पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क जाईल असे कोटेशनमध्ये लिहा. आमच्या कोटेशनमध्ये ते कलम होते, म्हणून ती जाहिरात आणि बोधचिन्ह इतरत्र वापरले जात असल्याचे दिसताच आम्हांला हरकत घेता येईल. आणि आपली बैठकीची खोली गिऱ्हाइकाला तिसऱ्या माणसाकडून पैसे घेण्यासाठी कधीही देऊ नका. आम्ही आता ती अट करारातच घातली आहे.

व्यापारी बंधूंनी हे लक्षात घ्यावे की होर्डिंग लागले म्हणजे माल आहे असे होत नाही. जागेचे पैसे कोणी दिले, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. वितरकीची अनामत देण्याआधी कारखाना स्वतः जाऊन पाहा, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर तपासा, आणि पैसे नेहमी करारावरच्या नावाच्या खात्यातच भरा. ज्यांनी ऑनलाइन पैसे पाठवले आहेत आणि फसल्याचे लगेच लक्षात आले आहे त्यांनी त्याच दिवशी बँकेला कळवून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.

आमच्या खोलीत झालेल्या बैठकीतल्या उपस्थितांची यादी, कॅमेऱ्यातले चित्रण आणि सर्व पत्रव्यवहार आम्ही पोलिसांकडे दिला आहे. त्या बैठकीला आलेल्या काही व्यापाऱ्यांनी गावात नाव खराब होईल म्हणून अजून जबाब दिलेला नाही. त्यांनी करार, पावती, बँकेचा उतारा आणि मोबाइलवरचे संदेश जसेच्या तसे ठेवून, काहीही न पुसता, जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. रोख रक्कम दिलेल्यांचा मुख्य पुरावा त्यांचा जबाबच आहे, आणि प्रत्येक जबाबाने त्या माणसाचा या व्यवहारातला प्रत्यक्ष सहभाग अधिक स्पष्ट होणार आहे.