ब्लॉक कोणता घ्यायचा: मूळचा, लाइनर घातलेला, की नवा मागवलेला?

गाडीची ताकद वाढवायची आहे, नवा ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचं धड) मागवू का, की जुन्यालाच लाइनर (सिलिंडरच्या आतली नळी) घालू, असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. गाडी कोणती, आणि त्या इंजिनात सगळ्यात आधी काय मोडतं? याचं उत्तर ठाऊक नसताना मागवलेला ब्लॉक भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पेटीतच पडून राहतो. अशा पेट्या मी पाहिल्यात आणि त्यामागे गेलेली माणसांची साठवणही पाहिली आहे. म्हणून इथे तीन गाड्या धरून लिहितो. तिन्ही पुण्याच्या रस्त्यावर रोज किंवा निदान दर रविवारी चालणाऱ्या आहेत. ट्रॅकवरच्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.

पहिली जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. तिचं फार लिहीत नाही, कारण उत्तर सोपं आहे: ब्लॉकला हात लावू नका. तो बिडाचा आहे, भिंती जाड आहेत. ताकद वाढवत नेली तर ३०० बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) आसपास आधी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, वाकतात. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, रॉड आणि पिस्टन घाला, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ओव्हरसाईज करून नीट होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, घ्या. ब्लॉकचे पैसे ब्रेक आणि क्लचवर जाऊ देत.

दुसरी होंडा अकॉर्ड २.४. इथे खरा विचार करावा लागतो. हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाचे पातळ लाइनर ओतलेले आणि वरची बाजू उघडी. म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकाभोवती पाणी, बाहेरच्या भिंतीचा आधार नाही. टर्बो बसवून दाब वाढवला की सिलिंडरचं तोंड हलायला लागतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, जातं. पण हेही लक्षात घ्या, साडेतीनशे-चारशे बीएचपीपर्यंत इथेही कमजोर कडी रॉडच आहे. त्याच्या आत थांबणार असाल तर मूळचा ब्लॉक पुरतो.

त्यापुढे जायचं असेल तर जुने लाइनर कातून काढून जाड डक्टाइल आयर्नचे (चिवट बिडाचे) लाइनर घालतात. डार्टनसारख्या कंपनीच्या लाइनरना वर कॉलर असते. कॉलर एकमेकींना टेकून बसल्या की उघडं तोंड जवळपास बंद होतं. ब्लॉक तोच, इंजिन नंबर तोच, वजनही फारसं वाढत नाही. कागदावर हा सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. काम चोख झालं तर तो तसा आहेही.

न झालं तर काय होतं, ते मी भोगलंय. माझ्या ब्लॉकला लाइनर घातले, गाडी दोन महिने सुरेख चालली. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर गेला आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. हेड उतरवून मापाचा डायल फिरवला, तर दोन नंबरचा लाइनर बाकीच्यांपेक्षा सहा शतांश मिलिमीटर खाली बसलेला. ज्या शॉपमध्ये काम झालं तिथे लाइनरची बैठक कातल्यावर खोली चारही बाजूंनी मोजलीच नव्हती. सहा शतांश म्हणजे केसाची जाडी, पण गॅस्केटच्या दृष्टीने ती दरी आहे. लाइनर घालून झाल्यावर डेकचं (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूचं) फेसिंग केलं होतं का, म्हणजे ती कातून एकसारखी केली होती का, तर तेही नाही. संपूर्ण काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून लाइनरचा पर्याय निवडणार असाल तर ब्लॉक देण्याआधी शॉपला विचारा: बैठकीची खोली कशाने मोजता, लाइनर बसल्यावर डेक कातता का, होनिंग टॉर्क प्लेट लावून करता का? टॉर्क प्लेट म्हणजे हेडच्या जागी बोल्टनी आवळायची जाड पोलादी प्लेट. हेड आवळलं की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. प्लेट लावून होन केलं तर तो आवळलेल्या अवस्थेत गोल राहतो. ‘आम्ही वीस वर्षं असंच करतोय’ असं उत्तर मिळालं तर ब्लॉक परत गाडीत घाला. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात शतांशात काम करणारे कारागीर भरपूर आहेत. फक्त ते बहुतेक कारखान्यांची कामं करतात आणि एकट्या ब्लॉकसाठी त्यांना विनवावं लागतं. विनवा.

आता तिसरी गाडी, जिच्यासाठी नवा ब्लॉक मागवणं खरंच पटतं: ३०२ व्ही-८ वाली जुनी मस्टँग. हे इंजिन फोर्डने १९६८ साली आणलं. बोअर ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच. ओतीव काम मुद्दाम पातळ ठेवलेलं, म्हणून बिडाचा असूनही रिकामा ब्लॉक जेमतेम ५७ किलोंचा. हा हलकेपणाच पुढे नडतो. क्रँकशाफ्ट धरणाऱ्या मुख्य बेअरिंगच्या कॅपना दोनच बोल्ट, त्यांना धरणारी भिंत बारीक. अमेरिकेत इंजिन बांधणाऱ्यांचा जुना अनुभव असा की ५०० बीएचपीच्या पुढे हा ब्लॉक मधोमध, टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या ठोकळ्यांच्या) खोबणीतून, उभा चिरतो. रॉड बदलून, कॅपना पट्टी लावून हे टळत नाही. इथे मोडणारी पहिली गोष्ट ब्लॉकच आहे.

यासाठी डार्टचा एसएचपी किंवा फोर्डच्याच परफॉर्मन्स विभागाचा बॉस ३०२ असे बिडाचे ब्लॉक मिळतात. भिंती जाड, मधल्या कॅपना चार बोल्ट, बोअर ४.१२५ इंचापर्यंत नेता येतो. वजन मूळच्यापेक्षा साधारण वीस किलो जास्त. माझं मत याच्याच बाजूने आहे, आणि एक आग्रह आहे: बोअर ४.१२५ करू नका. या ब्लॉकमध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, मधे पाण्याला मोकळी जागा नसते. बोअर जितका मोठा, तितकी मधली भिंत पातळ आणि गरम. ४.०३० बोअर आणि ३.४ इंच स्ट्रोक घेतला तर ३४७ घनइंच, म्हणजे सुमारे ५.७ लिटर होतात. ४.१२५ ला ३६३ घनइंच. त्या १६ घनइंचांसाठी सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत रेडिएटरकडे बघत बसायची माझी तयारी नाही. शिवाय आज लहान ठेवलेला बोअर पुढे दोन-तीनदा रिबोअर करता येतो. एवढ्या लांबून आणलेला ब्लॉक एका रिबोअरमध्ये संपू देऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर बिडाच्या नव्या ब्लॉकपेक्षा तीसेक किलो वाचतात आणि नाक हलकं झाल्याने गाडी वळणात खुलते. तो मोह मला कळतो. पण किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे मुख्य बेअरिंगची फट गरम इंजिनात वाढते, टॅपेटची फटही वाढते. डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी हेच इंजिन वेगळं वागतं. आणि पाणी: टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी एकदा जरी कूलंटमध्ये गेलं तरी आतून खायला सुरुवात होते. डिस्टिल्ड पाण्याचा नेम पाळणारा माणूस असाल तरच घ्या. अखंड ठोकळ्यातून कोरलेले बिलेट ब्लॉकही मिळतात. त्यातले कित्येक ड्रॅगसाठी असतात आणि त्यांत पाण्याची वाटच नसते. रस्त्यासाठी विषय तिथेच संपला.

नवा ब्लॉक पेटीतून काढला की इंजिन बांधायला घेता येतं, असा समज असेल तर तो सोडा. बोअर मुद्दाम काही शतांश लहान ठेवलेले असतात, शेवटचं होनिंग आपण करायचं. ३०२ ची टॉर्क प्लेट पुण्यात शोधण्यापेक्षा दोन इंची पोलादी प्लेट आणून बनवून घेतलेली बरी. मुख्य बेअरिंगची रेषा तपासा, तेलाच्या वाटा ब्रशने घासून धुवा, ओतकामाच्या कडा घासा. हे करताना घाई झाली तर नव्या ब्लॉकमधली वाळू आणि बुरा पहिल्याच तासात बेअरिंग खातो. इंधनाचाही विचार आत्ताच करा. ब्लॉक चिरण्यामागे पुष्कळदा नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, असतं. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं, पण प्रवासात प्रत्येक पंपावर नाही. ट्यूनिंग साध्या पेट्रोलवर तगेल असंच ठेवा.

लाइनरच्या बाजूने झुकणारा माझा सगळ्यात मोठा मुद्दा यंत्रशाळेतला नाही, आरटीओतला आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर तोच लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की गाडी कागदाशी जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच नंबर बघते. म्हणून एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळ, एमएच-१४ असेल तर मोशीला, ऑर्डर देण्याआधी जा, लेखी परवानगी मागा, आयातीची बिलं जपा. परवानगी मिळत नसेल तर ३०२ मूळच्या ब्लॉकवर ४०० बीएचपीत बांधा. तेवढ्यातही ताम्हिणी घाटात ती गाडी अंगावर काटा आणते.

आणि नवा ब्लॉक बसवलात तरी जुना भंगारात देऊ नका. बोअरना ग्रीस फासा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, नंबरची बाजू वर ठेवून फळीवर ठेवा. पुढे गाडी विकाल तेव्हा घेणारा पहिल्यांदा तोच बघायला मागेल.